आराखडा आणि आविष्कार : बरोक स्वरलेखन व पलुसकर स्वरलिपी यांची तौलनिक चिकित्सा

बीजसंज्ञा : बरोक संगीत, बासो कॉन्तिनुओ, अलंकरण, स्वरलिपी, पलुसकर पद्धती, भातखंडे पद्धती

प्रस्तावना

भारतीय संगीत हे श्रुतिपरंपरेचे आणि पाश्चात्त्य संगीत हे लेखनपरंपरेचे, हे विधान आपल्याकडील संगीतविषयक पाठ्यपुस्तकांतून इतक्या वेळा येते की त्याची तपासणी करावी असे सहसा कोणास वाटत नाही. आपला गायक मैफलीत निर्मिती करतो, तर पाश्चात्त्य वादक समोरच्या कागदावरील रचना जशीच्या तशी वाजवतो, असा या विधानाचा पुढचा भाग असतो. एकोणिसाव्या शतकातील सिंफनी वाद्यवृंद डोळ्यांसमोर ठेवला तर त्यात बरेच तथ्य आहे. परंतु साधारणपणे १६०० ते १७५० या दीडशे वर्षांच्या, ज्याला बरोक कालखंड म्हटले जाते त्या काळातील संगीताकडे पाहिले की हे विधान टिकत नाही. त्या काळी कागद होता, छापखाना होता, रचनाकारांची नावे होती. तरीही कागदावर जे लिहिले जाई ते बहुतांशी आराखड्याच्या स्वरूपाचे असे.

प्रस्तुत लेखात या आराखडावजा लेखनाचा विचार पं. विष्णु दिगंबर पलुसकर यांच्या स्वरलिपीच्या संदर्भात केला आहे. हा संदर्भ केवळ स्थानिक अभिमानापोटी निवडलेला नाही. पलुसकरांचा जन्म १८७२ मध्ये कुरुंदवाड येथे झाला. घराणे मूळचे गाडगीळांचे, पण पलूस गावावरून पलुसकर हे आडनाव रूढ झाले. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे मिरजेस त्यांनी ग्वाल्हेर गायकीचे शिक्षण घेतले. पुढे ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालयाची स्थापना करून त्यांनी हे संगीत गुरुगृहातून वर्गात आणले आणि वर्गासाठी स्वरलिपी सिद्ध केली. कंठात राहणारे संगीत कागदावर उतरवताना काय लिहावे आणि काय सोडून द्यावे, हा प्रश्न या भूमीत ज्यांनी सर्वांत आधी गांभीर्याने हाताळला त्यांत त्यांचे नाव अग्रभागी येते. हाच प्रश्न बरोक काळातील युरोपीय संगीतकारांपुढेही होता. त्यांनी दिलेली उत्तरे वेगळी आहेत आणि ती वेगळी असण्याची कारणे आपल्या संगीतशिक्षणाविषयी काही सांगून जातात.

बरोक लेखनाची रीत

‘बरोक’ हा शब्द पोर्तुगीज ‘बार्रोको’ म्हणजे वेडावाकडा मोती या शब्दाशी जोडला जातो. संगीताच्या बाबतीत तो प्रथम नापसंतीदर्शक म्हणून आला. रामो यांच्या १७३३ मधील ‘इपोलित ए आरिसी’ या संगीतिकेवर टीका करताना तो वापरला गेला. कालखंडाचे नाव म्हणून त्याला प्रतिष्ठा मिळाली ती विसाव्या शतकात, कुर्ट झाक्स यांच्या १९१९ मधील लेखनापासून. (हेच झाक्स भारतीय वाद्यांचेही आद्य युरोपीय अभ्यासक होत, हा योगायोग नोंदवण्यासारखा आहे.) त्या काळातील संगीतकार स्वतःस बरोक म्हणवून घेत नव्हते, हे लक्षात ठेवले पाहिजे.

या संगीताचा पाया म्हणजे बासो कॉन्तिनुओ, म्हणजे रचनेच्या आरंभापासून शेवटपर्यंत अखंड चालणारी खालच्या स्वरांची ओळ. ती चेलोसारखे तंतुवाद्य वाजवीत असे आणि सोबत हार्प्सिकॉर्ड, ऑर्गन किंवा थिओर्बो या वाद्यावर दुसरा वादक त्याच ओळीवर स्वरसमूह उभे करीत असे. या दुसऱ्या वादकाला लिहून काय दिलेले असे? फक्त खालची ओळ आणि तिच्याजवळ काही आकडे. आकडा म्हणजे खालच्या स्वरापासून मोजलेले अंतर. आपल्या हार्मोनियमवर हे सहज पडताळून पाहता येईल. खाली सा असून आकडा नसेल तर सा-ग-प असा समूह वाजवायचा. त्याच सा वर ६ हा आकडा असेल तर सा-ग-ध. आणि खाली ग असून ६ हा आकडा असेल तर ग-प-तार सा. म्हणजे आकडा तोच, पण स्वर बदलला. कारण मोजणी स्थिर षड्जापासून नसून त्या त्या क्षणी खाली असलेल्या स्वरापासून आहे. हे स्वर कोणत्या सप्तकात घ्यावेत, एकदम वाजवावेत की एकामागून एक उलगडावेत, मध्ये एखादी लहानशी सुरावट गुंफावी की नाही, हे सारे वादकावर सोपवलेले असे. लुदोव्हिको व्हियादाना यांनी १६०२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या धार्मिक रचनांच्या शीर्षकात या ओळीचा उल्लेख आहे. त्यानंतर सुमारे दीड शतक ही रीत युरोपभर चालली.

मुख्य सुरावटीचीही स्थिती फारशी निराळी नव्हती. आर्कांजेलो कोरेल्ली यांच्या व्हायोलिन सोनाटांचा पाचवा संच १७०० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील विलंबित भाग कागदावर पाहिले तर प्राथमिक वर्गातील विद्यार्थ्यासही वाजवता येतील असे लांब लांब स्वर दिसतात. परंतु ते तसे वाजवणे म्हणजे बडा ख्याल गाताना पुस्तकातील अस्ताई-अंतरा म्हणून उठून जाणे होय. संगीतिकेतील ‘दा कापो’ आरियाचेही तेच. पहिला भाग, दुसरा भाग आणि पुन्हा पहिला भाग, अशी तिची रचना. पण तिसऱ्या वेळचे काहीही लिहिलेले नसे, केवळ ‘पुन्हा आरंभापासून’ एवढीच सूचना. पिएर फ्रान्चेस्को तोझी यांनी १७२३ मधील आपल्या गायनविषयक ग्रंथात स्पष्ट केले आहे की या पुनरावृत्तीत जो गायक सुरावट अधिक सुंदर करून बदलू शकत नाही तो मोठा गायक नव्हे. संगीत नाटकातील पद रंगवताना ध्रुवपदाकडे प्रत्येक वेळी नव्या वाटेने परतणारा गायक ज्यांनी ऐकला आहे, त्यांना तोझींचे म्हणणे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

सर्वांत टोकाचे उदाहरण बाख यांचे. १७२१ मध्ये अर्पण केलेल्या ब्रांडेनबुर्ग संचातील तिसऱ्या कॉन्चेर्तोचा मधला भाग कागदावर केवळ दोन स्वरसमूहांचा आहे. त्या दोन समूहांच्या जागी काय घडत असे याविषयी वादकांत आजही मतभेद आहेत. आणि लुई कूपरँ यांचे सतराव्या शतकातील ‘अमापित’ प्रिल्यूड पाहिले तर त्यांत स्वरांना कालमूल्यच दिलेले नाही. सारखे दिसणारे गोल स्वर आणि त्यांना जोडणाऱ्या लांब वक्र रेषा एवढेच कागदावर आहे. आलापाचे लेखन कसे करावे या प्रश्नाला याहून प्रामाणिक उत्तर अन्य कोणत्याही लिपीने क्वचितच दिले असेल.

समीकरणांचा मोह

अशी साम्यस्थळे दिसू लागली की समीकरणे मांडण्याचा मोह होतो. बासो कॉन्तिनुओ म्हणजे आपला तंबोरा, फ्यूग म्हणजे जुगलबंदी, अलंकरण म्हणजे तानबाजी, अशी विधाने व्याख्यानांतून ऐकू येतात. ती टाळावीत असे वाटते. तंबोरा एकच षड्ज धरून ठेवतो आणि गायकाची प्रत्येक हालचाल त्या षड्जाशी तोलली जाते; कॉन्तिनुओची ओळ सतत चालत असते आणि वरच्या स्वराचा अर्थ तीच बदलत नेते. एकाचा धर्म स्थैर्य, दुसऱ्याचा गती. फ्यूगमध्ये एकच विषय निरनिराळे आवाज एकामागून एक उचलतात आणि पहिला आवाज थांबत नाही. जुगलबंदीत बव्हंशी एक थांबतो तेव्हा दुसरा बोलतो. आणि फ्यूग बहुधा लिहिलेला असतो, हाही भेद आहेच.

कणस्वराची तुलना अधिक नाजूक आहे. ‘अपोज्जातुरा’ हा बरोक अलंकार दिसण्यात कणासारखा आहे : मुख्य स्वराआधी लागणारा लहान टायपातील स्वर. पण प्रत्यक्षात तो मुख्य स्वराचा निम्मा काळ, कधी त्याहून अधिक काळ घेतो, खालच्या स्वराशी मुद्दाम विसंवाद करतो आणि मग मुख्य स्वरावर उतरतो. त्याचे सौंदर्य त्या विसंवादाच्या निरसनात आहे. आपला कण इतका रेंगाळत नाही आणि त्याला खालच्या ओळीचा आधार नाही. त्याचे सौंदर्य रागाच्या चलनात आहे. खटका व मॉर्डन्ट यांतील साम्य मात्र खरोखरीचे आहे.

एक समीकरण त्यातल्या त्यात टिकण्याजोगे आहे. पर्सेल यांच्या ‘डायडो अँड इनीअस’ या संगीतिकेतील अखेरचे विलापगीत खालच्या एकाच उतरत्या ओळीच्या आवर्तनांवर रचलेले आहे. ही ओळ न बदलता पुन्हा पुन्हा येते आणि गायिकेची सुरावट तिच्या सांध्यावर न थांबता पुढे वाहते. याची तुलना ठेक्याशी केली जाते, पण ठेक्याला स्वर नाहीत. तबलावादनास साथ करणारा लेहरा हे अधिक जवळचे उदाहरण होय. तिथेही एक सुरावट आवर्तन सांभाळते आणि तिच्यावर दुसरा वादक स्वातंत्र्य घेतो.

पलुसकर पद्धती : लिहिण्याची हौस की गरज?

आता पलुसकरांच्या लिपीकडे वळू. या लिपीत मंद्र स्वरावर बिंदू आणि तार स्वरावर उभी रेघ येते. कोमल स्वराचा पाय हलन्तासारखा मोडतात. तथापि तिचा खरा विशेष कालमूल्यात आहे. प्रत्येक स्वराखाली त्या स्वराचे स्वतंत्र कालचिन्ह असते : एका मात्रेस आडवी रेघ, अर्ध्या मात्रेस लहान वर्तुळ, पाव मात्रेस अर्धचंद्राकार खूण. समेस १ हा आकडा आणि खालीस अधिक चिन्ह. पं. विष्णु नारायण भातखंडे यांच्या पद्धतीत याउलट एका मात्रेत येणारे सर्व स्वर एका कमानीने बांधले जातात. समजा, एका मात्रेत सा अर्धी मात्रा आणि रे, ग पाव पाव मात्रा आहेत. पलुसकर पद्धतीत सा खाली वर्तुळ आणि रे, ग यांच्याखाली एकेक अर्धचंद्र येईल. भातखंडे पद्धतीत ‘सा-रेग’ असे लिहून त्या सगळ्याखाली एक कमान काढली की झाले.

फरक केवळ चिन्हांचा नाही. पलुसकर पद्धतीचा घटक स्वर आहे, भातखंडे पद्धतीचा घटक मात्रा आहे. पहिलीचे पाश्चात्त्य स्टाफ लिपीशी असलेले नाते येथे उघड होते. तिथेही प्रत्येक स्वराचा काळ स्वराच्याच आकारात सांगितलेला असतो. पण तालबद्ध गायनात विद्यार्थ्याचा हात मात्रा मोजत असतो आणि डोळ्यांना मात्रेचे घर दिसावे लागते. भातखंडे यांची लिपी ते घर दाखवते. पलुसकरांच्या लिपीत वाचकाला वर्तुळे आणि अर्धचंद्र बेरीज करून मात्रा मनात पुरी करावी लागते. भातखंडे पद्धती अधिक प्रसृत झाली याचे श्रेय अनेकदा तिच्या छपाईच्या सोयीला दिले जाते. ते कारण आहेच. परंतु घटकाच्या निवडीचे हे कारण अधिक मूलगामी आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. संगीत परीक्षांच्या लेखी भागात या दोन पद्धतींची तुलना विचारली जाते, तेव्हा चिन्हांचा तक्ता लिहून विद्यार्थी मोकळे होतात. घटकाचा हा भेद त्या तक्त्यात येत नाही.

मग पलुसकरांनी इतके बारकाईने लिहिण्याचा आग्रह का धरला? त्यांच्यापुढचा विद्यार्थी कोण होता हे पाहिले पाहिजे. कोरेल्लींची प्रत विकत घेणारा वादक सोनाटा कशी सजवायची हे आधीच शिकलेला असे. लेखकाचा त्याच्यावर विश्वास होता, म्हणून लेखन विरळ होते. लाहोरच्या वर्गात येणाऱ्या मध्यमवर्गीय मुलाच्या घरी उस्ताद नव्हता, कानावर ख्याल नव्हता. ज्याला सांगितल्याशिवाय काही समजणार नाही त्याच्यासाठी लिहिताना काही गृहीत धरता येत नाही. ‘संगीत बालप्रकाश’ किंवा ‘रागप्रवेश’ या पुस्तकांची नावेच त्यांचा वाचक कोण हे सांगतात. बालपणी फटाक्याच्या अपघातात ज्यांची दृष्टी अधू झाली होती, त्या गायकाने डोळ्यांनी वाचायच्या चिन्हांवर एवढे परिश्रम घ्यावेत, यातही त्या काळच्या सार्वजनिक शिक्षणावरील श्रद्धेचे दर्शन होते.

भातखंडे यांची भूमिका वेगळी होती. त्यांना अनेक घराण्यांच्या चिजा गोळा करून, त्यांची तुलना करून रागव्यवस्था मांडायची होती. त्या कामाला चिजेचा सांगाडा पुरतो. या अर्थाने भातखंडे यांचे लेखन बरोक लेखनाच्या अधिक जवळ आहे, मात्र कारण उलटे आहे : बरोक रचनाकाराने गाळले ते वादकाला येत होते म्हणून, भातखंडे यांनी गाळले ते त्यांच्या हेतूला लागत नव्हते म्हणून. क्रमिक पुस्तके पुढे वर्गात आली तेव्हा हा भेद विसरला गेला आणि सांगाडाच रचना समजला जाऊ लागला.

शाइबे यांचा आक्षेप

सर्व काही लिहून काढावे की नाही, हा वाद बरोक काळातही झाला होता. १७३७ मध्ये योहान आडोल्फ शाइबे यांनी आपल्या नियतकालिकात, नाव न घेता, बाख यांच्यावर टीका केली. त्यांच्या आक्षेपांपैकी एक असा की वादकाने स्वतःच्या बुद्धीने घालावयाचे अलंकार हा रचनाकार प्रत्यक्ष स्वरांत लिहून टाकतो आणि त्यामुळे मूळ सुरावट झाकली जाते. लाइपझिग येथील बिर्नबाउम यांनी १७३८ मध्ये उत्तर दिले. त्याचा आशय असा की अलंकार कोठे व कसे घालावेत हे फार थोड्यांना कळते. तेव्हा जाणत्याने ते लिहून देणे हाच रचनेच्या हिताचा मार्ग होय. याच सुमारास फ्रान्समध्येही असाच असंतोष होता. फ्रान्स्वा कूपरँ यांनी १७१६ च्या आपल्या वादनविषयक ग्रंथात, आपण लिहितो एक आणि वाजवतो दुसरे, अशी कबुली दिली होती. कागदावर समान दिसणारे स्वर फ्रेंच वादक लांब-आखूड वाजवीत. परंतु १७२२ मधील तिसऱ्या संचाच्या प्रस्तावनेत तेच कूपरँ, आपण दिलेली अलंकारचिन्हे वादक पाळत नाहीत, अशी तक्रार करतात.

हा वाद वाचताना पलुसकर परंपरेतील नंतरची पुस्तके आठवल्यावाचून राहत नाहीत. पं. विनायकराव पटवर्धन यांच्या ‘रागविज्ञान’ या सात भागांच्या ग्रंथात चिजांबरोबर आलाप आणि तानाही लिहून दिल्या आहेत. बिर्नबाउम यांचा युक्तिवाद येथे पूर्णपणे लागू पडतो : ज्याला अजून विस्तार सुचत नाही त्याला विस्ताराचा नमुना हवा. पण शाइबे यांचा आक्षेपही तितकाच लागू पडतो. छापलेली तान विद्यार्थी पाठ करतो, परीक्षकासमोर म्हणतो आणि ती तान हीच त्या रागातील तान ठरते. दोष ग्रंथकाराचा नव्हे; नमुना आणि रचना यांतील सीमारेषा पानावर दिसत नाही, हा लेखनपद्धतीचा दोष आहे.

पलुसकरांनी स्वतः केवळ पुस्तकावर भिस्त ठेवली नव्हती, हेही येथे सांगितले पाहिजे. गांधर्व महाविद्यालयातील उपदेशक वर्गाचे विद्यार्थी वर्षानुवर्षे त्यांच्या सहवासात राहून शिकत. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बा. र. देवधर ही मंडळी त्या वर्गाने घडवली, पाठ्यपुस्तकांनी नव्हे. (देवधरांनी पुढे मुंबईत स्क्रिंझी यांच्याकडे पाश्चात्त्य संगीताचेही शिक्षण घेतले.) २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेत पलुसकरांचे निधन झाले तेव्हा त्यांचे चिरंजीव दत्तात्रेय अवघे दहा वर्षांचे होते. वडिलांची पुस्तके घरात होती. परंतु गायकी आली ती विनायकराव आणि नारायणराव यांच्या तालमीतून. ज्या घरात ही लिपी जन्मली त्या घरातही गाणे शिष्यांच्या गळ्यातूनच परत आले.

युरोपात ही साखळी तुटली. एकोणिसाव्या शतकात कॉन्तिनुओ वाजवण्याची आणि विलंबित भाग सजवण्याची रीत मागे पडली, आणि उरलेला आराखडा संपूर्ण रचना समजून वाजवला जाऊ लागला. हँडल यांच्या संगीतिका दीर्घकाळ रंगमंचाबाहेर राहिल्या. १९२० मध्ये ग्योटिंगेन येथे ‘रोडेलिंडा’ने त्यांचे पुनरागमन झाले. एकच भाग हुबेहूब दोनदा ऐकताना श्रोते कंटाळले असल्यास नवल नाही. आर्नोल्ड डॉल्मेच यांनी १९१५ मध्ये जुन्या ग्रंथांच्या आधारे वादनपद्धतीची मांडणी केली, आणि निकोलाउस हार्नोनकूर्ट यांनी १९५३ मध्ये व्हिएन्नात स्थापन केलेल्या वाद्यवृंदासारख्या प्रयत्नांतून तिला ध्वनिरूप मिळाले. क्वांट्स यांचा १७५२ मधील बासरीविषयक ग्रंथ यात विशेष उपयोगी पडला. कारण त्यांनी साध्या सुरावटी घेऊन त्या प्रत्येकीचे अनेक पर्याय मांडले, एकच उत्तर दिले नाही.

अशा मांडणीचा एक जुना नमुना उपलब्ध आहे. कोरेल्लींच्या पाचव्या संचाची एक आवृत्ती ॲम्स्टरडॅमच्या एस्तिएन रोझे यांनी १७१० च्या सुमारास काढली. तिच्यात पहिल्या सहा सोनाटांतील विलंबित भागांना तीन ओळी आहेत : सर्वांत खाली खर्जाची ओळ, मध्ये कोरेल्लींची मूळ साधी ओळ आणि तिच्यावर, स्वतः कोरेल्ली वाजवीत असत असे सांगितलेली, अलंकृत ओळ. तत्कालीन इंग्रज लेखक रॉजर नॉर्थ यांना हा प्रकार मुळीच रुचला नाही आणि ते अलंकरण कोरेल्लींचे असल्याबद्दल त्यांनी संशय घेतला. तरीही विद्यार्थ्याच्या दृष्टीने या पानाचे मोल मोठे आहे, कारण काय दिलेले आहे आणि काय घातलेले आहे हे त्यावर एका दृष्टिक्षेपात दिसते.

द. वि. पलुसकर यांच्या ध्वनिमुद्रित ख्यालांपैकी एखादा घेऊन त्याचे असे पान तयार करता येईल. खालच्या ओळीत ठेका आणि मात्रांची घरे, मधल्या ओळीत पुस्तकातील चीज भातखंडे पद्धतीने, वरच्या ओळीत त्या मैफलीत प्रत्यक्ष गायिलेले स्वर. वरच्या ओळीला मात्र पलुसकर पद्धतीच लागेल. कारण तिथे प्रत्येक स्वर किती थांबला हेच सांगायचे आहे, आणि अर्ध्या-पाव मात्रांची ती वर्तुळे व अर्धचंद्र त्या कामी अजूनही सर्वांत नेमकी आहेत.